तीनशे बारा चिंचोके

तांबट आळी, नाशिक
ता. २० ऑगस्ट १९३६

कादर यास सावळीरामचा सलाम.

पत्र उलटून सही बघू नकोस, मीच आहे. माझं अक्षर म्हणजे पत्र्यावर हातोडी मारल्यासारखं, असं तूच म्हणायचास, तेव्हा पाकिटावरच ओळखलं असशील. फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण आधी बर्लिनची बातमी वाच.

हॉकीत आपले लोक जिंकले रे. जर्मनीवर त्यांच्याच घरी आठ गोल चढवले. सोमवारी पेपर आला तेव्हा मैदानावरची निम्मी मंडळी पोस्टाच्या ओट्यावर जमली आणि मग सुरू झालं तेच जुनं, अकरांत सरस कोण? सामना एकानेही पाहिलेला नाही. ज्यांनी देवळालीपलीकडे पाऊल टाकलं नाही ते हमरीतुमरीवर आले. वाल्मीक हलवाई गोलकीपरच्या बाजूने भांडत होता, कारण पेपरात त्याच्याबद्दल एक ओळही नव्हती. शेवटी तोच ओरडला, ‘‘उगाच डोकं पिकवू नका. सावळीराम, फळी काढ माळ्यावरची.’’

नवे पोस्टमास्तर पुण्याकडचे आहेत. त्यांनी विचारलं, ‘‘फळी म्हणजे काय?’’ मग काय, मला निमित्तच हवं होतं. आपल्या क्लबाचे अध्यक्ष वकीलसाहेब दर सामन्याला आपला भाचा कसा घुसडायचे, आणि तू एकदा चिडून कसं म्हणालास की खेळाडूची परीक्षा खुर्चीवरच्याला कशाला विचारता, मैदानाच्या कडेला दोरीवर उभं राहून बघणाऱ्याला विचारा, इथपासून सांगितलं. तुमच्या न्हाणीच्या जुन्या दाराची फळी मी घासूनपुसून घेतली, तिच्यावर तांब्याच्या अकरा कड्या ठोकल्या, त्यांत संक्रांतीची अकरा बोळकी बसवली. दोरीवरच्यांत लिहिता-वाचता येणारे किती? म्हणून बोळक्यांवर नावं नाहीत. मैदानात अकरा जण जसे उभे राहतात तशीच फळीवर अकरा बोळकी, एका टोकाला गोलकीपरचं, दुसऱ्या टोकाला पुढच्या पाचांची. माणशी तीन चिंचोके. ज्याचा खेळ आवडला तो मैदानात जिथे दिसतो, त्या जागेच्या बोळक्यात टाकायचे. तिन्ही एकालाच दिले तरी हरकत नाही. सामना संपला की मोजायचे, पाटीवर आकडे लिहायचे, आणि महिनाअखेरीच्या बेरजेवर पुढची टीम.

लोक घरून खिसे भरून चिंचोके आणायला लागले तेव्हा तुझ्या अम्मीने ते रंगवायला घेतले, हेही सांगितलं. एका सामन्याला हळद, पुढच्याला नीळ, त्याच्या पुढच्याला कुसुंबा. कुठला रंग ते सामन्याच्या दिवशी सकाळपर्यंत तिच्याशिवाय कुणाला माहीत नसायचं, आणि तिच्या हातांकडे बघून निम्म्या गल्लीला कळलेलं असायचं. गोलकीपरला कुणी चिंचोका देईना, तेव्हा त्याच्या एकाचे दोन मोजायचे हा नियम तू घातलास. ‘‘गोलकीपर म्हणजे घरातलं जातं, फिरतंय तोवर त्याच्याकडे कोण बघतं?’’ हे तुझं वाक्य मी मास्तरांना तुझ्याच आवाजात ऐकवलं. फार हसले.

मग ते म्हणाले, ‘‘पण मध्यंतरानंतर बाजू बदलतात. तेव्हा माणसांच्या जागाही बदलत असतील की.’’

हुशार माणूस आहे. मी म्हटलं, बदलतात, म्हणून मध्यंतराला फळी फिरवायची, तोही कादरचाच नियम. एवढं म्हणून मी उठलो. दुकानात कुणी गिऱ्हाईक आलं असेल असं वाटलं.

अम्मी बरी आहे. तू तिला वर्षातून दोनदा कुणाच्या तरी हाती साडी पाठवतोस आणि चिठ्ठी पाठवत नाहीस, असं तिचं गाऱ्हाणं आहे. इसाकमामूंच्या मागावर तुझं बरं चाललं असेल. मालेगावातही मैदानं आहेत म्हणतात, पण तू स्टिक हातात धरत नाहीस असं ऐकतो. का धरत नाहीस ते मी विचारत नाही.

तुझा
सावळीराम


नाशिक
ता. १७ सप्टेंबर १९३६

कादर यास,

उत्तर आलं नाही. येईल असं मला वाटलंही नव्हतं, पण मी रोज पोस्टाच्या ओट्यावर जातोच. मास्तरांना वाटतं मला फळीबद्दल आणखी बोलायचंय.

काल अम्मीकडे एक तपेलं कल्हई करून द्यायला गेलो होतो. तिने मला चहा दिला आणि समोर बसली. मग म्हणाली, ‘‘सावळ्या, माझा पोरगा रागावून गेला असता तर मला समजलं असतं. तो रागावला नाही. तो लाजून गेला. असा धडधाकट माणूस कशाला लाजतो रे?’’ मी चहा तसाच ठेवून निघालो.

म्हणून हे लिहितो. परवा मी फळी माळ्यावरून खाली काढली, पुसली, बोळकी लावून पाहिली, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मनमाडला आपल्या हातून एक चूक झाली होती. आपल्या म्हणजे माझ्या.

तो संक्रांतीचा रविवार तुझ्या लक्षात असेलच. दार घेऊन आपण रेल्वेत चढलो आणि तिकीट कलेक्टर म्हणाला, घर मागून येतंय का? मनमाडच्या रेल्वेच्या साहेबांना आपल्या नाशिकच्या टीममधून एकच गडी हवा होता, कडेने धावणारा, डावा असो की उजवा. टीममध्ये खेळायचं आणि रेल्वेत पक्की नोकरी. डाव्या कडेला तू, उजव्या कडेला सिन्नरचा फकिरा. साहेबांनी आपल्या फळीबद्दल ऐकलं होतं. म्हणाले, मी निवडत नाही, माझे रेल्वेचे खलाशी कामगार निवडतील, फळी घेऊन या.

नाशिकला फळी कशीही ठेवली असती तरी चाललं असतं. इथे शेंबडं पोरसुद्धा तुला ओळखतं. मनमाडच्या दोरीवर तुम्हा दोघांना ओळखणारा एक माणूस नव्हता. दोघे एका उंचीचे, दोघांचे पांढरे सदरे, दोघांच्या डोक्याला रुमाल. त्यांनी ओळखायचं कशावरून तर जागेवरून.

पहिल्या हाफात तू पलीकडून, रुळांच्या कडेने धावत होतास. दुसऱ्या हाफात बाजू बदलल्या आणि तू अलीकडे आलास, दोरीला लागून, लोकांच्या नाकासमोर. आणि काय धावलास रे. दोन गोल तू केलेस, तिसरा तू दुसऱ्याच्या पुढ्यात नेऊन ठेवलास. माझ्या शेजारचा एक खलाशी ‘‘कोन हाय ह्यो? कोन हाय ह्यो?’’ एवढंच म्हणत होता. सामना संपल्यावर त्या सगळ्यांनी काय केलं? दोरीला लागून जे बोळकं होतं त्यात चिंचोके ओतले. त्यांचं काहीच चुकलं नाही. पण फळी मध्यंतराला फिरवलेली नव्हती. दोरीजवळ बोळकं होतं ते उजव्या कडेचं, फकिराचं.

फकिरा तीनशे बारा, कादर एकेचाळीस. हे आकडे उलटे होते, कादर. एवढंच सांगायचं होतं. चूक परवा लक्षात आली, आज कळवली.

तुझा
सावळीराम


नाशिक
ता. ११ ऑक्टोबर १९३६

कादर यास,

तुझं कार्ड मिळालं. पावणेतीन वर्षांत पहिलं, आणि त्यावर दोन ओळी. ‘मध्यंतराला मी मैदानातून विचारलं होतं, फळी फिरवली का. तू हात वर केला होतास.’

बस, एवढंच. खाली सहीसुद्धा नाही.

ते कार्ड मी चार दिवस दुकानात हातोडीखाली ठेवलं होतं. आता लिहितो ते सरळ लिहितो.

हो, मी हात वर केला होता. तू दरवेळी विचारायचास आणि मी दरवेळी हात वर करायचो, ती आपली सवय होती. त्या दिवशी माझ्या दुसऱ्या हातात साहेबांच्या कपबशीतला चहा होता. साहेब वहीत लिहून घेत होते, एका माणसाला तीनच का, रंग कुणी शोधला, गोलकीपरला दुप्पट का. एवढा मोठा माणूस तांबट आळीतल्या सावळीरामचं बोलणं वहीत उतरवून घेतो म्हटल्यावर माझे पाय जमिनीवर नव्हते. मी साहेबांच्या हातचं बिस्किटही खाल्लं, ते घरी आजवर सांगितलेलं नाही. मनात म्हटलं, एवढं सांगून होऊ दे, मग फिरवतो. आणि शिट्टी झाली.

इथवर नुसती चूक. मागच्या पत्रात मी लिहिलं की ती परवा लक्षात आली. ते खोटं आहे.

त्याच संध्याकाळी लक्षात आली. बोळकी उचलायला वाकलो तर गोलकीपरचं बोळकं भलत्याच टोकाला. त्यात दोन चिंचोके होते. सगळं समोर होतं, फळी, बोळकी, तू, साहेब. तोंड उघडायचा अवकाश होता. साहेबांनी विचारलं, ‘‘हां, काय निघालं?’’ आणि मी आकडे वाचले. जसे होते तसे.

का, ते तुला आता तरी कळायला हवं. सगुणाचं एकदा जमून मोडलं होतं, तुला ठाऊक आहे. लोक माझ्या धाकट्या बहिणीकडे बघून कुजबुजत होते. फकिराकडून होकार होता, पण त्याच्या बापाचा हट्ट, पोराला पक्की नोकरी लागल्याशिवाय लग्न नाही. हे मी तुला तेव्हा सांगितलं नव्हतं, जमेपर्यंत कुणाला सांगायचं नाही म्हणून. तेव्हा आकडे वाचताना मला समोर कादर दिसला नाही, सगुणा दिसली. वाचून झाल्यावर कादर दिसला.

तू काय केलंस? सगळ्यांत आधी टाळ्या तू वाजवल्यास. साहेबांनाही शंका आली होती, ते म्हणाले, हा डाव्या कडेचा बरा वाटला मला. त्यांना तू म्हणालास, ‘‘लोकांचा कौल आहे साहेब, त्यात वाद नको. आम्हीच पद्धत काढली, आम्हीच मोडायची का?’’ नाशिक रोडला उतरल्यावर तू माझ्या हातात स्टिक दिलीस. म्हणालास, जरा धर, टांगा बघतो. ती अजून माझ्याकडेच आहे. दर महिन्याला तिला तेल लावतो.

मी दुसऱ्या कुणाला फसवलं असतं तर त्याने मला शिव्या घातल्या असत्या आणि प्रकरण मिटलं असतं. तुझा त्या फळीवर माझ्यापेक्षा जास्त विश्वास. म्हणून तू कुणालाच शिवी दिली नाहीस, स्वतःलाच कमी मानून निघून गेलास. अम्मी म्हणते ते खरं आहे, तू लाजून गेलास, आणि लाज माझी होती.

दिवाळीत मनमाडला जाऊन सगुणाला आणि फकिराला सगळं सांगणार आहे. त्याची नोकरी गेली तर जाईल, संसार उघड्यावर आला तर मी आहे. मला भीती वाटते, हे खोटं कशाला बोलू? पण तुझ्या दोन ओळींची भीती जास्त वाटली.

सावळीराम


नाशिक
ता. २२ नोव्हेंबर १९३६

कादर,

आज हात हलका चालतोय, अक्षरावरून दिसत असेल. भाऊबीजेला मनमाडला जाऊन आलो. ऐक.

सगुणा ओवाळायला आली. तिने निरांजन उचललं तसं मी म्हटलं, थांब, मला काही सांगायचंय, ऐकून मग ओवाळायचं की नाही ते ठरव. फकिरा दाराशी बसून मुलीला खेळवत होता. मी सगळं सांगितलं, चहापासून आकड्यांपर्यंत. सांगताना मी जमिनीकडे बघत होतो. संपलं. मान वर केली तर फकिरा हसत होता.

‘‘पाव्हणं,’’ म्हणाला, ‘‘तीनशे बारा ऐकून मला तवाच वाटलं, ह्या मनमाडच्या लोकांचं डोस्कं फिरलं काय. दुसऱ्या हाफात माझ्या पोटरीत गोळा आला व्हता. मी निस्ता उभा व्हतो.’’

‘‘मग बोलला का नाहीस?’’

‘‘तुमी मोजलं व्हतं. तुमचं मोजणं कधी चुकलंय व्हय? मला वाटलं, उभं ऱ्हाण्यात बी माझी काय तरी कला आसंल.’’

कादर, मी हसावं की रडावं ते मला कळेना. मी घाबरत घाबरत नोकरीचं विचारलं. तर तो म्हणतो, टीममधून त्याला दोन महिन्यांत काढलं. साहेबांनी सरळ सांगितलं, तू कडेने धावणारा गडी नाहीस, पण तुझा हात कामाला चांगला आहे. त्याला फिटरच्या हाताखाली घातलं, आणि मागल्या वर्षी तो तिथे पक्का झाला. हॉकीचा आणि त्याच्या नोकरीचा अडीच वर्षांत काडीचा संबंध उरलेला नाही. हे त्याने मला कधी सांगितलं नाही, का तर टीममधून काढल्याची त्याला लाज वाटत होती. मीही कधी विचारलं नाही, का तर मनमाडच्या हॉकीचं नाव निघालं की मी दुसरीकडे बघायचो. पावणेतीन वर्षं मी साप साप म्हणून भुई धोपटत होतो.

फकिराने सोडलं म्हणून सगुणाने सोडलं नाही. निरांजन हातात तसंच धरून ती म्हणाली, ‘‘माझ्या संसारासाठी खोटं बोललास दादा, पण मला विचारलंस का? मी म्हटलं असतं, राहू दे लग्न आणखी एक वर्ष. कादरभाईंनी माझ्या हातचं किती वेळा खाल्लंय. आता त्यांना तोंड कसं दाखवू?’’ मग ओवाळलं तिने, पण डोळे पुसत. ओवाळणी घेतली नाही. म्हणाली, कादरभाई येतील तेव्हा घेईन.

दुसऱ्या दिवशी फकिरा मला साहेबांच्या बंगल्यावर घेऊन गेला. मी नको नको म्हणत होतो. साहेबांनी ऐकून घेतलं, वही काढली, ते जुनं पान उघडलं, आणि खाली काहीतरी लिहिलं. मला वाचता आलं नाही, इंग्रजी होतं. म्हणाले, ‘‘तो डावा कुठे आहे आता? मी तेव्हाच म्हटलं होतं.’’ मी म्हटलं, मालेगावला माग चालवतो. ते म्हणाले, आता टीममध्ये जागा नाही, तिशीच्या माणसाला नोकरी देणंही माझ्या हातात नाही, पण त्याला सांगा, संक्रांतीला नाशिकविरुद्ध सामना ठेवतो. त्याच मैदानावर.

नोकरी परत देता येत नाही, कादर. ती तुझी होती आणि ती गेली.

पण एक वस्तू परत देता येते. मी चिंचोके टाकले नव्हते. त्या दिवशीचं ते बोळकं तसंच पिशवीत ओतून घरी आणलं होतं. का आणलं होतं, मला तेव्हा कळलं नाही. टाकवले नाहीत एवढं खरं. तुझ्या अम्मीची नीळ अजून त्यांच्यावर आहे. त्यांच्यासाठी मी एक तांब्याचा डबा घडवला, झाकण घट्ट बसवलं, आणि कापडवाल्या खाजाच्या हाती मालेगावला पाठवतोय. मनमाडच्या लोकांनी तुला दिलेले आहेत. उशीर झाला, तो माझ्यामुळे.

स्टिक पाठवत नाही. ती न्यायला तुलाच यावं लागेल.

सावळीराम


नाशिक
ता. १९ डिसेंबर १९३६

प्रिय कादर,

तुझं चार पानी पत्र काल ओट्यावरच उभ्या उभ्या वाचलं. मास्तर म्हणाले, बसा. मी बसलो आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

नोकरीबद्दल तू एक ओळसुद्धा लिहिली नाहीस. मी लिहिली असती, दहा ओळी लिहिल्या असत्या. तू काय लिहितोस तर, ‘इतक्या लोकांत मला कुणी पाहिलंच नाही असं मी समजत होतो. माग चालवताना तेच मनात यायचं. धावलो होतो की नव्हतो, असं वाटायला लागलं होतं.’ हे वाक्य मी अम्मीला वाचून दाखवलं नाही. बाकीचं सगळं वाचलं. डबा उघडल्यावर इसाकमामूंनी माग थांबवला आणि तुम्ही दोघांनी चटईवर मोजायला घेतलं, निळे डाग मामूंच्या नव्या लुंगीला लागले, तिथे ती इतकी हसली की खोकला लागला.

आधी तिने मला दोन शब्द सुनावलेच होते. दिवाळीनंतर येऊन तिला सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘माझ्या घरचं दार नेलंस, माझ्या हातची नीळ नेलीस, आणि माझ्याच पोराला घर सोडायला लावलंस? ऊठ इथून.’’ मी उठलो. तीन आठवडे गेलो नाही. ईदच्या दिवशी तिने निरोप पाठवला, शिरखुर्मा गार होतोय. गेलो तर वाटी भरलेली होती. म्हणाली, पोरगा येणार असा निरोप आलाय, आता तुझ्यावर रागवायला मला सवड नाही.

तू लिहितोस, ‘तू पावणेतीन वर्षं गप्प बसलास ते विसरायला मला वेळ लागेल. पण यायला वेळ लागणार नाही.’ मला हे पुरे आहे. तुझ्या या बोलण्यातल्या पहिल्या अर्ध्याचा मी हिशेब मागणार नाही. तुला वेळ लागू दे.

आता तुझा प्रश्न. तू लिहिलंस, दोनदा मोजले, मामूंनी एकदा मोजले, तीनशे नऊच भरतात, तीन कुठे गेले? अरे, तुझी ही खोड गेली नाही हे बघून मला इतकं बरं वाटलं. मला वाटलं होतं तू मोजणार नाहीस. मग वाटलं, मोजेल तर विचारणार नाही.

ते तीन माझे होते.

दोरीवर उभा होतो, मलाही तीन मिळाले होते. मनमाडचे लोक चुकले, कारण त्यांना तुम्ही दोघे माहीत नव्हतात. मला माहीत होतात. कड्या मीच ठोकलेल्या, तेव्हा जागा न बघता नुसत्या कडीवरून बोळकं कुणाचं हे तिथे मला एकट्यालाच ओळखता यायचं. तू तिसरा गोल घडवलास, सगळा जमाव ओरडत होता, आणि मी सगुणाचा विचार करत उठलो आणि माझे तिन्ही चिंचोके फकिराच्या बोळक्यात टाकले, त्याचं आहे हे माहीत असून. फळी फिरवलेली नाही हे त्या क्षणी ध्यानात नव्हतं, खरंच नव्हतं. पण माझा कौल उलटा पडला नाही, मी दिला तिथेच पडला. म्हणून डबा भरताना ते तीन काढून घेतले. तुझ्या चिंचोक्यांत ते मिसळायचे नव्हते. लोकांचे तीनशे नऊ तुझे आहेत, त्यांत भेसळ नाही. ते तीन मी सगुणाच्या मुलीला खेळायला दिले.

हे शेवटचं होतं. आता माझ्याकडे तुझ्यापासून लपवलेलं काहीही नाही. लिहून टाकल्यावर बाहेर जाऊन दोन तांबे पाणी प्यायलो.

सामन्याचं ठरलं. संक्रांतीला, मनमाडला, तेच मैदान. पोट सुटलंय, धाप लागेल, लोक हसतील असं तू लिहितोस. हसू देत. वाल्मीक म्हणतो, धाप लागली तर गोलात उभा राहा, एकाचे दोन मिळतील. नवी बोळकी कुंभाराकडे सांगितली आहेत. अम्मीने रंग ठरवला आहे, सांगत नाही, पण तिच्या बोटांवर हळद आहे. सगुणा आणि फकिरा मुलीला घेऊन दोरीवर असतील. फकिरा म्हणाला, ‘‘पाव्हणं, ह्या टायमाला फळी मी फिरवतो, तुमी निवांत बसा.’’ मी त्याला हात लावू देणार नाही. साहेबांना निरोप धाडलाय, चहा सामना संपल्यावर.

तू मात्र नेहमीसारखं मध्यंतराला मैदानातून विचार. मी आधी फळीकडे बघेन, मग हात वर करीन.

तुझा
सावळ्या